पेटीतली छोटी बाटली

माधवनगरातल्या आमच्या संगीत मंडळात पाहुण्या कलाकारांची सरबराई माझ्याकडे असते. गेल्या हिवाळ्यात आलेले ते व्हायोलिनवादक आपल्या पेटीला कुणाला हात लावू देत नव्हते. मध्येच पाठ फिरवायचे, पेटीतून छोटी बाटली काढायचे, मान खाली घालून काहीतरी करायचे आणि घाईने ती लपवायचे. मला दारूचा संशय आला. मी तो सेक्रेटरींच्या कानावर घातला आणि त्यांनी वादनाचा वेळ निम्मा केला.

वादन सुरेख झालं. तरी संशय जाईना. निरोप देताना लाज सोडून मी बाटली बघायला मागितली. त्यांनी ती काढून दिली. आत तिळाचं तेल होतं.

"थंडीत बोटं आखडतात, भैया. चोळल्याशिवाय चालत नाहीत," ते म्हणाले. "कुणाला सांगू नका. पिणाऱ्याला लोक पुन्हा बोलावतात, बोटं गेलेल्याला नाही."

यंदा कुणाला बोलवायचं हे ठरत असताना सेक्रेटरींनी विचारलं, "वो पीनेवाले? त्यांचं काय करायचं?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं.

"बोलवा," मी म्हणालो. "पितात थोडी, पण वाजवतात छान."