खरात फोटोवाल्याच्या सात माश्या

किसन खरात फोटो काढताना कुणालाही ‘हसा’ म्हणत नसे. बाजारात भोपळा फिरवून बघावा तसं गिऱ्हाइकाचं डोकं हनुवटीला धरून फिरवायचा आणि म्हणायचा, "नीट बसा. मेल्यावर भिंतीवर हाच लागणार हाय." समोर नवरदेव असो की बालवाडीतलं पोर, वाक्य तेच. एकदा एका नवरीने ते ऐकून भोकाड पसरलं. त्याने तिला आरसा दिला, काजळ पुसायला बोळा दिला आणि पुन्हा तेच वाक्य म्हणून फोटो काढला.

वाळूजच्या कंपनीत मला स्टोअरकीपरची नोकरी लागली, तेव्हा ओळखपत्राच्या फोटोसाठी मी त्याच्या शहागंजातल्या माडीवरच्या स्टुडिओत गेलो होतो. सगळ्या गावासाठी मिळून त्याच्याकडे एकच काळा कोट होता. त्याला पाठ नव्हती. पुढून साहेब आणि मागून नाड्या. दोन दिवसांनी फोटो हातात आला, तर माझ्या कपाळावर माझे नसलेले केस.

"हे काय केलं?" मी म्हणालो.

"पोरगी बघायला जाशील तवा कामाला येतील. पैसे नाय लावले केसांचे."

पहिल्याच दिवशी कंपनीच्या वॉचमनने मला गेटवर अडवून धाकट्या भावाचं ओळखपत्र का आणलं, असं विचारलं. संध्याकाळी मी भांडायला गेलो आणि चहा पिऊन परत आलो. आमची मैत्री तिथून सुरू झाली. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होईपर्यंत ती टिकली, आणि मग मी ती मोडली. ती कशी मोडली हे आजवर कुणी माझ्या तोंडून नीट ऐकून घेतलेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

त्याआधी खरातच्या मुख्य कलेबद्दल सांगायला हवं. त्या काळात बऱ्याच घरांत म्हातारा गेल्यावर कळायचं की त्याचा एकही फोटो नाही. मग खरातला बोलावणं यायचं. तो कॅमेरा आणि त्याचं तिकाटणं घेऊन जायचा, म्हाताऱ्याला भिंतीला टेकवून बसवायला लावायचा, फोटो काढायचा आणि दुकानात येऊन बारीक ब्रशने मिटलेल्या पापण्यांवर डोळे रंगवायचा. "डॉक्टर लोक मिटवतात, आपण उघडतो," असं म्हणायचा. घाई असली की एकाचे डोळे दुसऱ्याला द्यायचा. शहराच्या निम्म्या जुन्या घरांतले आजोबा भिंतीवरून एकाच नजरेने बघतात, त्याचं कारण आनुवंशिकता नव्हे.

मोबाईल आले आणि दुकान बसलं. खरात बजाजनगरात मुलाकडे राहायला आला, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. रोज सकाळी सहाला फाटकातून हाक यायची, "काय मियाँ, उठला का उचलायला माणसं बोलवू?" मग आम्ही वसाहतीमागच्या मोकळ्या प्लॉटकडे चालायला जायचो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने फोटोस्पर्धा ठेवली. फळ्यावर लिहिलं होतं, ‘आपल्या परिसरातील देशी परागवाहक’. म्हणजे इथलेच, फुलाफुलांवर फिरून पराग पोचवणारे जीव. ‘देशी’ एवढंच वाचून दोघे जण बाटलीचा फोटो चालेल का, असं विचारून गेले. एकाने गावरान गाय पाठवली. ती परत केल्यावर वाद घातला, "फुलं खाते की!" उरलेल्या सगळ्यांनी फुलपाखरं आणली.

खरातने मला त्या प्लॉटमधली एक वाळकी काडी दाखवली. तिच्यावर ओळीने सात माश्या होत्या. मधमाशीएवढ्या, अंगावर निळसर पट्टे. पाय पोटाशी घेतलेले, जबड्याने काडी धरलेली आणि अंग हवेत आडवं. पंखांवर दव.

"मेल्या की रे," मी म्हणालो.

"झोपल्यात. थांब."

आम्ही थांबलो. ऊन काडीपर्यंत आलं. एकीचा मागचा पाय हलला, मग अंग थरथरलं, आणि ती उडाली. मग दुसरी. पाव तासात काडी रिकामी. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एकदा नाही, चार सकाळी. कारण हवा तसा उजेड मिळेपर्यंत खरात चार दिवस तिथे मातीत पालथा पडत होता.

मधे एक गवताचं पातं येत होतं. मी म्हणालो, "मोडून टाक ना."

"नक्को," तो म्हणाला. "जिंदगीभर हात लावला. ह्याला नाय लावायचा."

आता माझ्या फोटोबद्दल. सुनेने दिलेल्या मोबाईलवर फुलपाखरू काही नीट येईना, बसलं की उडायचं. मग मी गुळाचं घट्ट पाणी केलं, त्यात पिकलेलं केळं कुस्करलं आणि नातवाच्या रंगाच्या ब्रशने कुंडीतल्या जास्वंदीवर लावलं. तासाभरात एक केशरी फुलपाखरू आलं आणि लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं बसून राहिलं. फोटो झकास आला. फक्त पाकळीवर मुंग्यांची एक रांगही आली. खरातने तो बघितला, मुंग्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "वऱ्हाडी लई हायत तुझ्याकडं."

परीक्षक दोन होते: मंडळाचे अध्यक्ष शिंदे आणि चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. बक्षीस समारंभात ट्रॉफ्या मांडायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून निकालाचा कागद मला आधीच दिसला. पहिला खरात, दुसरा पवार. पवार म्हणजे मी. एकतीस वर्षं मी कंपनीत नटबोल्ट मोजले. माझं नाव माईकवर कधी पुकारलं गेलं नव्हतं. दुसरा नंबर असला तरी आज पुकारणार होते, आणि समोर सून, मुलगा, नातू बसले होते. मला तेवढं पुरेसं होतं, असं मला वाटत होतं.

निकाल वाचायच्या आधी बाई पुन्हा एकदा खरातच्या फोटोपाशी गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "शिंदेसाहेब, ह्यातल्या एकाही माशीचा पाय काडीला टेकलेला नाही. ह्या मेलेल्या आहेत. डिंकाने चिकटवल्या आहेत."

शिंद्यांनी विचारलं, "खरात, जिवंत आहेत का ह्या?"

"झोपल्यात."

सभागृहात हशा.

"तोंडाने काडी धरून?" बाई म्हणाल्या.

"तशाच झोपतात. बाई, तुम्ही कशा झोपता हे मी विचारलं का?"

हशा वाढला, पण बाईंचा चेहरा लाल झाला आणि खरातचं अर्धं बक्षीस तिथेच गेलं.

"आणि सगळ्या एकाच काडीवर?"

"सगळ्या नाय, सगळे. गडी हायत. बाया आपापल्या बिळात झोपतात. गड्याला बिळात कोण घेतं?"

"पुरे," शिंदे म्हणाले. "ज्याचा धंदाच मेलेल्याला जिवंत दाखवायचा, त्याच्याकडून दुसरं काय अपेक्षित आहे?" शिंद्यांच्या घरात त्यांच्या वडिलांचा फोटो आहे. त्याचे डोळे खरातनेच रंगवलेले. त्याला रोज ताजा हार असतो.

खरात एकदाच चिडला. "पवारला विचारा. रोज संगं असतो. त्यानं उडताना बघितल्यात."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या हातात पहिल्या नंबरची ट्रॉफी होती, टेबलावर ठेवायला उचललेली. मी म्हणालो, "मी जरा लांब असतो. चष्माही नसतो सकाळी. नीट दिसलं नाही."

चष्म्याशिवाय मला माझी चप्पल सापडत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तरी मी रोज तसाच दोन किलोमीटर चालतो, यावर सभागृहाने विश्वास ठेवला.

खरात "बरं" म्हणाला. उठून त्याने स्वतःच बोर्डावरून आपला फोटो उतरवला, टाचण्या मोजून बाईंच्या टेबलावर ठेवल्या आणि गेला. पाच मिनिटांनी माईकवर माझं नाव पुकारलं. पहिला क्रमांक. बाईंनी मुंग्यांचं खास कौतुक केलं. एका चौकटीत किती जीवसृष्टी, म्हणाल्या.

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. मी तयारीही केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो फाटकात आला आणि म्हणाला, "नमस्कार पवारसाहेब. येताय का फिरायला?" मियाँ गेला, अरेतुरे गेलं. पुढची अडीच वर्षं तो रोज आला आणि रोज मला अहोजाहो केलं. शिवी पचवता येते. तो आदर मला एक दिवसही पचला नाही.

वसाहतीत त्याला ‘डिंकवाले’ नाव पडलं. पासपोर्टच्या फोटोला अजूनही कोणी कोणी त्याच्याकडे जायचे, ते म्हणायला लागले, "काका, डोळे आमचेच ठेवा." मंडळाच्या सहलीचा ग्रुप फोटो दरवर्षी तो काढायचा. त्या वर्षी दुसऱ्याला सांगितलं. मी एकदा धीर करून म्हणालो, "खरात, मी शिंद्यांना जाऊन सांगतो."

"कशाला पवारसाहेब?" तो म्हणाला. "हजार खोटे फोटो काढले, एकानं बी बोट नाय दाखवलं. एक खरा काढला तर पकडलं. हिशेबात मीच पुढं हाय."

मला हे ऐकून सुटल्यासारखं वाटलं. ती सुटका मी घेतली आणि शिंद्यांकडे गेलो नाही. लिहायला सगळ्यात जड हेच वाक्य आहे.

गेल्या माघात तो झोपेतच गेला. मंडळाने शोकसभा घेतली. शिंद्यांनी त्याला थोर कलावंत म्हटलं. मग मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. माश्या जिवंत होत्या, मी पाहिल्या, चष्मा होता, फुलावर गूळ होता. ट्रॉफी पिशवीतून आणली होती, ती टेबलावर ठेवली.

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! शिंदे डोळे पुसत म्हणाले, "बघा, मित्राचं नाव राहावं म्हणून पवारांनी स्वतःवर आळ घेतला. असा दिलदार माणूस होणे नाही." मी ओरडून सांगितलं की खरंच गूळ होता. बाई माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "बसा आता, त्रास करून घेऊ नका." संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर माझा फोटो आला, खाली ‘खरी मैत्री’ आणि बारा हात जोडलेले.

खरातचं नाव जिथल्या तिथे राहिलं. माझं आणखी वाढलं.

म्हणून हे कागदावर. काल लिहून झाल्यावर खरातवहिनींना वाचून दाखवायला गेलो. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी पूर्ण ऐकलं. डिंकाच्या ठिकाणी मी अडखळलो तर म्हणाल्या, "वाचा, वाचा."

संपल्यावर मी विचारलं, "छापायला देऊ का?"

"द्या," त्या म्हणाल्या. "पण त्यात ते लई चांगले होते, असलं काय घालू नका. चांगलं माणूस नव्हतं ते. माझ्या आईला बी परक्या बाईचे डोळे लावून ठेवलेत, भिंतीवरून तीस वर्षं माझ्याकडं दुसरीच कोण बघते. फक्त त्या माश्या जित्या होत्या. तेवढंच लिहा."