तीर्थन नदी : त्यांची दुसरी खेप, माझी पहिली

आमचं लग्न झालं तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली होते आणि ते साठीच्या उंबरठ्यावर. माझं पहिलंच लग्न, त्यांचं दुसरं. पुण्यात धायरीला मी आणि आई, अशा दोघीच राहायचो. आई गेली आणि वर्षभराने बँकेतल्या एका मैत्रिणीने तिच्या ओळखीच्या विधुराशी गाठ घालून दिली. नोंदणी पद्धतीने लग्न करून मी कर्वेनगरला त्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. त्यांच्या पहिल्या पत्नीला जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, मुलगा वेगळा राहायचा. माझ्यासमोर ते तिच्याबद्दल कधी बोलत नसत आणि मीही विचारत नसे. चहाचा कप हातात दिला की एकमेकांना ‘थँक्यू’ म्हणायचो आम्ही. संसार कसला, दोन सभ्य पाहुणे एका घरात राहत होते.

ते निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांनी माळ्यावरून एक लांबट कापडी पिशवी काढली. आत मासे पकडायचा रॉड होता. तो फडक्याने पुसत ते म्हणाले, “हिमाचलमध्ये तीर्थन नावाची नदी आहे. ट्राउट मासा मिळतो तिथे. गाडीनेच जाऊ, वाटेत तंबू टाकत. याल?”

“मला पोहता येत नाही,” मी म्हणाले.

“मासे पकडायला जायचंय. मासा व्हायचं नाहीये.”

मी हसले, आणि ठरलंच.

तंबू, छोटी गॅसची शेगडी, ज्वारीचं पीठ, कांदा-लसूण मसाल्याची बरणी असं सगळं डिकीत कोंबून आम्ही निघालो. गाडी आलटूनपालटून चालवायची. वाटेत तंबू टाकायची भाषा मात्र उन्हाने राजस्थानातल्या कोट्याच्या आधीच मोडीत काढली. त्या गरम वाऱ्यात बाहेर झोपणं शक्यच नव्हतं. मिळेल त्या लॉजमध्ये राहत, कलिंगडं खात आम्ही उत्तरेला सरकत होतो. चंदीगड मागे पडल्यावर डोंगर सुरू झाले. पुढे एका लांबलचक बोगद्यातून बाहेर पडून मोठा रस्ता सोडला आणि काच खाली केली, तर गार वारा आणि पाण्याचा आवाज एकदमच आत आला. मी गाडी बाजूला घेतली. खाली हिरवट पांढरी नदी दगडांवर आपटत चालली होती आणि वर देवदारांचं रान पार आभाळापर्यंत गेलं होतं. आम्ही दोघं बराच वेळ नुसते बघत बसलो.

तंबू टाकायची जागा त्यांनी आधीपासून हेरलेली होती. सफरचंदाच्या बागेखाली नदीला लागून एक सपाट तुकडा होता. बागेचे मालक म्हणजे हिमाचली टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ. गाडी थांबलेली पाहून ते काठी टेकत खाली आले, ह्यांना निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“साहब! कितने साल बाद! और मॅडम कहाँ हैं? वो, जो बहुत हँसती थीं?”

मी तेव्हाच दुसऱ्या बाजूचं दार उघडून उतरले होते. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. हे खाली बघत उभे.

“वो अब नहीं रहीं, बाबाजी,” शेवटी मीच म्हणाले. “मैं इनकी पत्नी हूँ.”

बाबाजींनी आधी आकाशाकडे पाहून हात जोडले, मग मला जोडले आणि तंबूच्या खुंट्या ठोकायला स्वतः दगड घेऊन आले.

संध्याकाळी शेगडीवर पिठलं रटरटत होतं. हे म्हणाले, “उद्या दुसरीकडे जाऊ. बाबाजींना इतकं आठवत असेल असं वाटलं नव्हतं मला.”

“इथे तुमच्या पहिल्या पत्नीबरोबर आला होतात, हे पुण्यातच का नाही सांगितलंत?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“आता वाटतंय. सांगितलं नाहीत याचं.”

मी ताटात पिठलं वाढलं, भाकरी दिली. मग विचारलं, “त्या खूप हसायच्या का?”

त्यांनी घास तसाच हातात धरला. “अहो, ती हसली की मासे पळायचे,” ते म्हणाले. आणि मग थांबलेच नाहीत. तिला पाण्याकाठी मिनिटभर स्वस्थ बसवायचं नाही. दगड टाकायची, गाणी म्हणायची. एकदा गळाला लागलेला मोठा मासा तिच्या आरडाओरड्याने निसटला, म्हणून हे अख्खी संध्याकाळ तिच्याशी बोलले नव्हते. “काय मूर्खपणा!” ते स्वतःलाच म्हणाले.

मला मत्सर वाटेल असं वाटलं होतं. वाटलाही थोडासा, तो तिच्या हसण्याचा. मी हसताना अजून तोंडावर हात धरते. पण त्याहून जास्त वाटलं ते असं, की हा माणूस मला आज पहिल्यांदा भेटतोय.

दुसरीकडे जायचा विषय पुन्हा निघाला नाही. सकाळी मासेमारीचा परवाना काढला आणि ते मला गळ टाकायला शिकवू लागले. माझा गळ पहिल्यांदा झुडपात अडकला, मग त्यांच्या टोपीत. पाणी एवढं गार की गमबुटातही पाय बधिर झाले. ऊन वर आलं तशी मी कंटाळले होते, आणि एकाएकी रॉडला असा हिसका बसला की तो हातातून जाता जाता राहिला.

“अगं, धर! ओढ! नाही, ओढू नकोस, दोरी सैल सोड! अगं, तू रीळ फिरव ना!”

“एक काय ते सांगा!” मी ओरडले.

जाळी घेऊन ते पाण्यात धावले, दगडावरून घसरले आणि नदीत चक्क मांडी घातल्यासारखे बसले. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दोन्ही हात रॉडवर होते, त्यामुळे तोंड झाकायचा प्रश्नच नव्हता. तरी मासा मात्र जाळीत आला. तांबूस ठिपक्यांचा, देखणा. त्यांनी तो वितीने मोजला आणि मान हलवली. नियमात बसत नव्हता, लहान होता.

“एवढं करून सोडायचा?”

“सोडायचा.” त्यांनी त्याला दोन्ही हातांत, पाण्याखाली, प्रवाहाकडे तोंड करून धरलं. मासा जरा वेळ तसाच राहिला, मग शेपटी हलवून निघून गेला. ह्यांची बोटं गारठून निळी पडली होती. मी ती माझ्या शालीत गुंडाळून चोळत बसले.

“मघाशी मी तुम्हाला एकदम अगं-तुगं केलं,” ते म्हणाले.

“मग? आता परत अहो-जाहो करू नका.”

मी मात्र त्यांना अजूनही अहोच म्हणते. आईने लावलेलं वळण.

त्या संध्याकाळी बाबाजींनी स्वतः धरलेले दोन मोठे ट्राउट आणून दिले. मी ते कांदा-लसूण मसाला लावून तव्यावर तळले. बाबाजी आमच्याबरोबर जेवायला बसले आणि तिखटाने नाकडोळे पुसत खात राहिले. हे त्यांना माझ्या मासेमारीची गोष्ट हातवारे करून सांगत होते. मध्येच बाबाजी माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, पिछली बार साहब इतना नहीं बोलते थे.”

परतीच्या वाटेवर हे बोलतच होते. तिच्या आजारपणाचं, शेवटच्या महिन्यांचं, दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून काढलेल्या दिवसांचं. मुलालाही सांगितलं नव्हतं, असं बरंच काही. कोट्याच्या अलीकडे त्यांचा आवाज कातर झाला. मी एका धाब्यापाशी गाडी थांबवली आणि दोन चहा मागवले. चहा भलता गोड होता. ते रडले, मग तोंड धुऊन आले आणि माझ्यापुढे हात करून म्हणाले, “किल्ली दे. आता मी चालवतो.”

शेजारच्या सीटवर मला कधी डोळा लागला ते कळलं नाही. जाग आली तेव्हा मध्य प्रदेश लागला होता. एसीचा झोत माझ्या बाजूने वळवून ठेवलेला होता, अंगावर त्यांचा टॉवेल होता आणि रेडिओ ऐकूही येऊ नये इतका बारीक केलेला होता.