सखारामचं पालथं ताट

गेल्या पावसाळ्यापासून मी फ्रेंच शिकते आहे. मोबाईलवरचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ, विसाव्या शतकातल्या युद्धांचे आणि त्यात गेलेल्यांच्या आठवणीचे, हीच माझी शाळा. हॉटेलात कॉफी मागायची फ्रेंच मला नकोच होती. एका व्हिडिओत खेड्यातला स्मारकस्तंभ आहे. कुणीतरी नाव वाचतं, क्षणभर शांतता, मग सगळे एका सुरात म्हणतात, ‘मोर पूर ला फ्रांस’. फ्रान्ससाठी मेला. मग पुढचं नाव.

दारव्ह्याला दिलेल्या व्याख्यानात मी हे सांगितलं आणि टेबलावर मूठ आपटून विचारलं, आपल्या माणसांची नावं कोण वाचणार? भाषणानंतर ऐंशी ओलांडलेले नामदेवराव जवळ आले. “ताई, आमच्या गावात तसा गोटा आहे. माह्या बापाचा काका फ्रान्सलेच गेलता. या एकदा. थे भाषा घेऊन या.”

नोव्हेंबरात निघाले. तुम्हीही जाणार असाल तर हाच महिना बरा, रस्ता कोरडा असतो आणि दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला. यवतमाळच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढे फक्त चहा मिळतो. दारव्ह्यापर्यंत एसटी, शंभराच्या नोटेत भागतं. तिथून जीप. बाजाराचा दिवस असेल तर मांडीवर कुणाची तरी वांग्यांची टोपली येणार हे धरून चला.

टोपलीवालीनं विचारलं, “कोनाच्या घरी?”

“नामदेवरावांच्या.”

“पालथ्या ताटाच्या घरी? मंग दिवा लागल्यावर कोनाले हाक मारू नका, बाई.”

ड्रायव्हरनं गाणं बंद केलं.

दगड गावाबाहेर लिंबाखाली आहे. लोक त्याला फौजीबाबा म्हणतात, नारळ फोडतात. शेंदराच्या थरांवरून बोटं फिरवली तेव्हा इंग्रजी अक्षरं लागली: या गावातून इतकी माणसं महायुद्धावर गेली. आकडा आहे, नाव एकही नाही. माझं डोकं भडकलं. साम्राज्याकडे आकडा कोरायला छिन्नी होती, नाव कोरायला नव्हती!

दुपारी नामदेवरावांची सून सुनीता हिनं भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. भिंतीशी एक ताट पालथं होतं.

“सखाराम आजोबांचं,” ती म्हणाली. “येतो म्हणून फ्रान्सले गेले. मेल्याचा निरोप नाही, म्हणून श्राद्ध नाही. आले नाहीत, म्हणून ताट सुलटं नाही. घरात त्यांचं नाव कोणत्या पोराले ठेवत नाही.”

“पोरगं पुण्यात,” नामदेवराव म्हणाले. “माह्यामागं कोण मांडंन? बापाचा काका येईन अन् ताट नसंन. ताई, तुम्ही त्याले तिकडच्या भाषेत सांगा, का तू मेला. शंभर वर्सं तिकडं राह्यला, आपली बोली इसरला असंन.”

“बाबा, मेलेलं मानूस कायले बोली इसरते?” सुनीता हसली.

“तू माहेरची इसरली न दहा वर्सात?”

मी साफ नकार दिला. तो परक्याच्या झेंड्याखाली खंदक खणायला गेला होता, ‘फ्रान्ससाठी मेला’ हे मी म्हणणार नाही. मेला हेसुद्धा मला ठाऊक नाही. “खोटं सांगणार नाही,” मी म्हटलं.

“मंग खरं सांगा.”

दिवेलागणीला आम्ही तिघं दगडापाशी उभे राहिलो. समोर पुरुषभर उंच तूर. माईकशिवाय मैदानभर ऐकू जाणारा माझा आवाज. मी हाक दिली, “सखाराम!”

क्षणभर शांतता. मग तुरीतून आलं, “ओ.”

मोठ्यानं नाही. कामात वाकलेला माणूस देतो तसं. सुनीतानं माझं मनगट धरलं. नामदेवरावांनी मानही वळवली नाही. “देते तो ओ. माह्या बापानंही ऐकला. म्हणूनच कोणी हाक मारत नाही. सांगा आता.”

व्हिडिओंतली मला येणारी सगळी फ्रेंच उडून गेली. दोनच वाक्यं उरली. “ला गेर ए फिनी. रांत्र शे त्वा.” युद्ध संपलं. घरी जा.

वारा नव्हता. तरी तुरीच्या ओळी हलत आमच्याकडे आल्या आणि शेताच्या बांधाशी, धुऱ्यावर थांबल्या.

घरी परतल्यावर नामदेवरावांनी ताट उलटवून सुलटं केलं. सुनीतानं त्यात सगळ्यांच्या आधी वाढलं. ते ताट पुरं होईपर्यंत आम्ही जेवलो नाही, म्हणजे नामदेवराव “बसा आता” म्हणेपर्यंत.

सकाळच्या जीपनं निघाले. अमावस्येला यवतमाळात नामदेवरावांचा फोन आला. “ताई, श्राद्धाचं पान ठेवलं अन् कावळा शिवला. लगेच.” मग म्हणाले, “आता मी जायले मोकळा.”

अंधश्रद्धेवर मी गावोगाव बोलते, पुढेही बोलेन. त्या ‘ओ’चं स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही, आणि टाळ्यांसाठी मी ते रचणार नाही. फ्रेंच चालू आहे. पूर्वी तो व्हिडिओ लावला की जमावाबरोबर मीही उत्तर द्यायचे. आता गप्प राहते. ते लोक फार घाई करतात असं मला वाटतं. नाव घेतलंच आहे, तर त्याला ओ द्यायला वेळ तरी द्यावा.