अस्वलकाकू मराठीच बोलते

मनू घरात नव्हती! पलंगाखाली बघितलं, बाथरूममध्ये बघितलं, टीव्ही चालू, दार उघडं, चप्पल गायब. चार वर्षांची पोर हो! नवरा कंपनीत, त्याचा फोन गेटवर जमा. आणि मला एकच सुचत होतं, हे सगळं वरच्या काकांमुळे. अख्ख्या फरीदाबादमध्ये असा रिकामटेकडा माणूस दुसरा नाही, लिहून देते.

काका रिटायर आहेत, एकटेच राहतात. रोज संध्याकाळी आमच्याकडे हजर, जशी सरकारी ड्यूटीच लागलीय. कशाला, तर जपानी कार्टून बघायला! ढगातून जादूची जनावरं येतात आणि एका मुलीशी दोस्ती करतात, असं काहीतरी. टीव्हीवर ती हिंदी बोलतात, ते साहेबांना नामंजूर. "पोरगी दिवसभर अच्छा-यार करते, निदान जनावरांनी तरी मराठी बोलावं!" म्हणून टीव्हीचा आवाज बंद, आणि सगळ्यांचे आवाज हे स्वतः काढणार. कोल्हा यांच्या जुन्या ऑफिसातला साहेब, "फाईल आली नाही, उद्या या." सशाला कायमची सर्दी. आणि पांढरं अस्वल म्हणजे अस्वलकाकू, ती सारखी ओरडते, "आधी पाय पुसा, मग आत या!" तोच एपिसोड परत लागला तरी गोष्ट नवीन. मनू विचारते, "काल तर ससा पडला होता ना?" तर म्हणे, "काल तो रजेवर होता, पडला तो बदलीवरचा." वा! आणि मी बिचारी चहा गाळत उभी. बिस्किटं काकांना वेगळी, जनावरांच्या नावाची वेगळी. ती कोण खातं, ते काय सांगायला हवं?

आज काका दाढ काढायला गेले होते. मी शहाणीने टीव्ही आवाजासकट लावून दिला. अस्वल हिंदीत बोललं तशी मनू रडायलाच लागली. "ही ती नाही! ती कुठेय?" मी म्हटलं, "असेल काकांच्या घरी," आणि वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत गेले. परत येते तर ही नाही. वर काकांकडे तर कुलूप होतं, म्हणून मी खालीच धावले. गार्ड म्हणतो, "भाभीजी, बच्ची बाहर नहीं गई." मी म्हटलं, "आप तो मोबाइल में थे!" पार्क बघितलं, पाण्याच्या टाकीत तर दोनदा वाकून बघितलं. तेवढ्यात काका गेटातून आले, गाल सुजलेला, तोंडात कापूस. मला रडू फुटलं, पण एक वाक्य तयार होतं, उद्यापासून आमच्याकडे येऊ नका.

तेव्हाच वरून दार वाजवल्याचा आवाज आला. आम्ही दोघं जिना चढलो. मनू काकांच्या कुलूपबंद दारावर थापा मारत होती. "अस्वलकाकू, मी पाय पुसलेत गं, दार उघड ना!"

काका पायरीवरच थांबले. मग कापसातूनच, बारीक आवाजात म्हणाले, "दाखव बघू पाय."

कापसामुळे त्यांना नाटक करता येत नव्हतं. उरला तो निव्वळ त्यांच्या बायकोचा आवाज. मी लग्न होऊन आले, तेव्हा ह्याच दारात काकू मला अश्शाच म्हणाल्या होत्या, "आधी पाय पूस, मग आत ये!" मनू पोटात असताना त्या गेल्या.

काकांनी कुलूप काढलं. आत जायच्या आधी पायपुसण्यावर उभे राहून स्वतःचे पाय पुसले, कितीतरी वेळ.

माझं वाक्य तयारच होतं हो. तुम्ही असता तर बोलला असता?