बांधलेला राक्षस आणि ब्रदर

ब्रदर,

तुम्ही आमच्याकडून गेलात त्याला बरेच महिने झाले. नवा माणूस आला आहे. नखं वाढवतो आणि यांना कुशीवर वळवताना फोनवर बोलतो. तेव्हा तुमची आठवण येते, हे खरं. पण तुमच्यावर माझा विश्वास बसला होता असा समज करून घेऊ नका. तो धड कधीच बसला नाही. का, ते तोंडावर सांगायचं राहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या दिवशी तुम्ही कोपरापर्यंत हात धुतलेत आणि मगच यांच्या खोलीत शिरलात. माणूस स्वच्छ आहे, असं मी मनात म्हटलं. आधीचं काम का सोडलं, असं विचारलं तर म्हणालात, "आजोबा गेले." त्याच्या आधीचं? "त्या आजी गेल्या." तुमच्या पेशात घरं सुटतात ती याच कारणानं, हे मला कळत होतं. तरी ऐकायला बरं वाटलं नाही.

यांची उजवी बाजू गेलेली. बोलणं चार-दोन शब्दांचं, तेही मनात असेल तेव्हा. तुम्ही अंगाला हात लावण्याआधी सांगायचात, "काका, आता डावीकडे वळवतोय. आता पाठ पुसतो. झालंच हं, थोडंच राहिलं." हे झोपेत असले तरी सांगायचात.

"झोपलेत ते. कुणाला सांगताय?" मी एकदा विचारलं.

"कान झोपत नाहीत, काकू."

यांची दाढी करताना तोंड मात्र तुमचंच वाकडं व्हायचं. बहिणीकडे राहता आणि तिच्या मुलींच्या वेण्या तुम्हीच घालता, एवढंच चौकशीअंती माझ्या हाती लागलं. आणखी काही विचारलं, की तुम्ही चादर बदलायला घ्यायचात.

मग तो रविवारचा खेळ. आमची नात आणि तिची मैत्रीण, जिला आम्ही सगळे चष्मिसच म्हणतो, दुपारी यांच्या पलंगाशी टेबल ओढून बसायच्या. नात गोष्ट रचणार, बाकीचे त्यातली पात्रं होऊन आपण काय करतो ते सांगणार आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार. हे जादूगार व्हायचे. डाव्या हातानं फासा टाकायचे. तेवढाच हाताला व्यायाम, असं फिजिओबाईंचं मत. एक भिडू कमी पडला म्हणून नातीनं तुम्हाला बसवलं आणि तुमच्या हाती तलवार दिली.

एका रविवारी गुहेत तुम्ही मंडळींनी एक राक्षस पकडलात. हातपाय बांधलेत. तो गयावया करायला लागला. नात त्याचा आवाज इतका हुबेहूब काढत होती, की मी हातातला पेपर खाली ठेवला.

"याचं काय करायचं?" तिनं विचारलं.

चष्मिस म्हणाली, सोडून देऊ. हे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही पुढे वाकलात आणि म्हणालात, "डोळे मीट. झालंच हं, थोडंच राहिलं." आणि मारलंत त्याला. फासासुद्धा पडला नाही. बांधलेल्याला मारायला फासा लागत नाही, असा नियम आहे म्हणे.

तोच आवाज, तेच शब्द.

"ब्रदर, हात बांधलेल्याला मारलंत?"

"राक्षस होता, काकू."

"आजी, ते जन्मतःच दुष्ट असतात," नात म्हणाली. "खेळाच्या पुस्तकात दिलंय तसं."

"ते पुस्तक राक्षसांना विचारून लिहिलंय का?"

"अगं, खेळ आहे हा!"

"खेळच आहे ना? मग दया फुकट मिळत होती. तीही घेतली नाहीत तुम्ही लोकांनी."

चष्मिस फिस्सकन हसली. तुम्ही हसला नाहीत. "सोडला असता तर मागून आला असता," म्हणालात. "बांधून ठेवला असता तर उपाशी मेला असता, हळूहळू. आपल्याला पुढे जायचं होतं. लवकर संपवलं, एवढंच."

तर्क चोख होता. म्हणूनच मला तो आवडला नाही. ज्याला सोडताही येत नाही आणि सांभाळणंही अवघड, अशाच माणसाच्या उशाशी बसून तुम्ही हे बोलत होतात. आणि मला विचाराल तर, हात बांधलेल्याला मारणं हे मारणंच. खेळात काय आणि बाहेर काय.

त्या दिवसापासून गोळ्यांचा डबा माझ्या कपाटात गेला. अंघोळीच्या वेळी मी दारात. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा टॉवेलांच्या घड्या घालायची. तुम्हाला सगळं कळत होतं. एक दिवस म्हणालात, "काकू, स्टूल आणून देऊ? उभ्यानं पहारा जड जातो." मीही खमकी. आणा म्हटलं आणि बसले.

पुढे एकदा खेळात जादूगाराला साप डसला. अंग लाकूड झालं, मागून शत्रू येताहेत, उचलून न्यायला वेळ नाही. "आता आजोबांना हलता येत नाही," नात बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. हे हसले. मग डावा हात उचलून तुमच्याकडे बोट केलं.

"तू," म्हणाले. "राक्षस. तसं."

तुम्ही फासा टेबलावर ठेवलात. "नाही, काका."

"तसं!"

"मी पाळी सोडली," म्हणालात आणि उठून स्वयंपाकघरात गेलात.

दुसऱ्या कुणा बाईचा जीव भांड्यात पडला असता. माझा नाही पडला. राक्षसाला मारताना ज्याची पापणी हलली नाही, तो कागदावरच्या जादूगारासाठी टेबल सोडून का उठतो? मी तुमच्या मागोमाग आले. तुम्ही नुसतेच ओट्याशी उभे होतात.

"यांनी हे आधीही मागितलंय तुमच्याकडे. खेळाबाहेर. हो की नाही?"

"त्यांना विचारा."

"तुम्हाला विचारतेय."

"पेशंटचं बोलणं मी बाहेर नेत नाही, काकू."

"मी बाहेरची?"

यावर तुम्ही पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलंत. "मी दर वेळी नाहीच म्हटलंय," एवढं तुमच्या तोंडून निसटलं.

दर वेळी! म्हणजे मी दारात पहारा देत होते आणि आत तुम्हा दोघांची माझ्यापासून चोरून बोलणी चालली होती. आधी संशय एकट्या तुमचा होता, आता दोघांचाही आला. शिवाय दर वेळी नाही म्हणणारा माणूस कधीतरी दमतोच. तेही मी तुम्हाला तिथल्या तिथे सुनावलं.

"म्हणून तर सांगतो," तुम्ही म्हणालात. "या आजारात मन फार खचतं. त्याचे वेगळे डॉक्टर असतात, औषधं असतात. माझ्या ओळखीचे एक आहेत. आपण दोघं जाऊन बोलू. काकांना आत्ताच नको सांगायला."

वेळ तुम्हीच घेतलीत. गुरुवारी दुपारी नात यांच्याजवळ बसायला आली. मी पर्स घेतली, तुम्ही पिशवी खांद्याला लावलीत.

"दोघं?" हे पलंगावरून म्हणाले. "कुठे?"

"कुठे नाही हो. भाजी आणायला."

"भाजीला ब्रदर?"

यांनी आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लग्न झाल्यापासून या माणसानं माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं; दारातल्या स्टुलावरून मी तुमच्याकडे बघायचे, तसं. मी पर्स खुंटीला लावली. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत आणि म्हणालात, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात तुमच्या भाचीला ताप आला, त्याच्या पुढच्यात माझं गुडघ्याचं दुखणं निघालं आणि मग तुम्हाला मोठ्या हॉस्पिटलात काम लागलं. निघताना दारात आपण दोघं बराच वेळ हवापाण्याचं बोललो. डॉक्टरांचा नंबर मी मागितला नाही, तुम्हीही दिला नाहीत.