लाउरी ह्यू कोणाची कोण

शोभनाच्या स्वयंपाकघरात हल्ली मेलेली माणसं यायला लागली होती. घाबरू नका, भुतंबितं नव्हेत, सासरची मंडळी. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नला मार्चमध्ये धुकं जंगलाच्या टेकडीवरून उतरतं ते थेट खिडकीशी येऊन उभं राहतं. चहाचं आधण ठेवून ती टेबलाशी बसली की त्या धुक्यातून एकेक पुरुष चालत यायचा, टोपी काढायचा, हीटरपाशी हात शेकायचा. सगळे वेल्सचे शेतकरी, सगळे तिच्या नवऱ्याचे पूर्वज.

नवरा, एम्रिस डेव्हिस, मागच्या वर्षी गेला. वेल्सहून इथल्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायला आला होता, आणि अकोल्याहून प्रयोगशाळेत कामाला आलेल्या शोभनाशी लग्न करून इथलाच झाला. माणूस मोठा गोड, पण कामाची गोष्ट नेमकी विसरणारा! दर ख्रिसमसला तो आपल्या एका खापरपणजीची गोष्ट सांगायचा. नवरा मेल्यावर तिनं स्वतः जनावरं हाकत डोंगर ओलांडून बाजार गाठला आणि शेत राखलं. सांगताना त्याचे डोळे भरून यायचे. बाईचं नाव विचारलं की म्हणायचा, "ते काही कुणाला माहीत नाही बघ." आणि जाता जाता हाच शहाणा लेकीला सांगून गेला, "मैथिली, तुला मुलगी झाली तर त्या बाईचं नाव ठेव."

आता मैथिलीला मुलगीच होणार होती. दिवस भरत आले होते, म्युनिकहून ती बाळंतपणाला आईकडे आली होती, आणि नावाचा पत्ता नव्हता. मरणाऱ्या बापाला दिलेला शब्द तो. मैथिली नुसती पोटावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसायची. ते शोभनाला बघवेना.

म्हणून तिनं स्वतःच शोध मांडला. लोकांनी तिला भीती घातली होती, वेल्सच्या जुन्या लोकांना आडनावंच नव्हती, बापाचं नाव तेच पोराचं शेवटचं नाव, दर पिढीला बदलणार, तुमचं डोकं फिरेल. शोभना हसलीच. त्यात काय एवढं? आपण मधे लावतो ते हे शेवटी लावतात! एम्रिसच्या घरात डेव्हिस शेवटी ठरलं, पण त्याआधी त्याचा आजोबा विल्यम डेव्हिड. म्हणजे बापाचं नाव डेव्हिड. हा डेव्हिड थॉमस. म्हणजे त्याचा बाप थॉमस. तो थॉमस इव्हान. बघता बघता बाई चार पिढ्या चढून गेली. तिच्या अर्धवट झोपेत ते सगळे टेकडी चढताना दिसायचे, प्रत्येकानं आपापल्या बापाचं बोट धरलेलं. त्यांच्या मागून बायका चालायच्या, तोंडावरून पदर ओढलेल्या. वेल्समधे कुठला आलाय पदर? पण स्वप्नाला कोण विचारणार!

जनावरं हाकणारी ती बाई म्हणजे थॉमस इव्हानची बायको, इथवर नक्की झालं. आणि इथंच गाडी अडली. शोभना श्रीमती थॉमस इव्हानला शोधून शोधून थकली. इव्हान आडनावाची बायको कुठेच सापडेना. थॉमसच्या थडग्याचा फोटो तेवढा मिळाला होता, शेवाळलेला दगड, त्यावर त्याचं नाव आणि खाली आणखी एक, लाउरी ह्यू.

"ही कोण आता?" शोभना म्हणाली. "आल्झो, म्हणजे बघ, आडनाव वेगळं. बहीण नाही, मुलगी नाही. मैथिली, तुझ्या पापाच्या खापरपणजोबानं दुसरी ठेवली होती बहुतेक."

"मामा!" मैथिली जर्मनमधून आईवर ओरडली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

लाउरीबाईंना शोभनानं बाजूला सारलं. वर मनातल्या मनात चार शिव्याही हासडल्या. बायको बिचारी डोंगर तुडवतेय आणि दगडावर नाव भलतीचंच!

शेवटी ते थडगं असलेल्या चॅपेलचं, म्हणजे गावच्या छोट्या चर्चचं, आवार सांभाळणाऱ्या मेगन नावाच्या बाईंशी व्हिडिओवर बोलणं झालं. मैथिलीही खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली. शोभनानं जरा चाचरतच विचारलं, "ही लाउरी ह्यू, थॉमसची कोण?"

"बायको," मेगन म्हणाली. "दुसरं कोण असणार?"

"पण मग तिचं नाव ह्यू कसं?"

"तिच्या वडलांचं नाव ह्यू असेल. लग्न केलं म्हणून बाप थोडाच बदलतो? जुन्या काळी आमच्याकडच्या कितीतरी बायका मरेपर्यंत आपल्याच नावानं राहायच्या. तुमच्याकडे कसं करायचे?"

शोभना सांगू लागली. मुलगी सासरी गेली की बापाचं नाव जातं, तिथे नवऱ्याचं येतं. आडनाव जातं. काही घरांत तर तिचं स्वतःचं नावही बदलतात. माझ्या आईचं बदललं. लग्न बौद्ध पद्धतीनं लागलं, जुन्या रूढी झाडून टाकल्या, पण ही एक रीत तेवढी चिकटून राहिली. सासऱ्यांनी तिला अंजना केलं.

"आणि त्याआधी काय होतं?" मेगननं सहज विचारलं.

 शोभनाला माहीत नव्हतं. परक्या मुलखातल्या पुरुषांची चार पिढ्यांची नावं तिला तोंडपाठ होती, आणि जिच्या पोटातून आली तिचं नाव साठी आली तरी तिनं विचारलं नव्हतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की फोन कसा ठेवला तेही कळलं नाही.

मैथिली मात्र उजळली होती. "लाउरी," ती पोटाला म्हणाली. "लाउरी, ऐकू येतंय?" आणि मग आईकडे वळून मोडक्या मराठीत, "पापाचं एक झालं. दुसरं नाव तुझ्याकडचं पाहिजे. आजीचं. खरं वालं."

बाहेर धुकं दाटलं होतं. भर दुपारी दिवा लावावा लागला. शोभनानं अकोल्याला फोन लावला.

"जयभीम, आई."

"जयभीम. पोरीचं कसं हाय वं?"

"बरं आहे. आई, लग्नाआधी तुझं नाव काय होतं गं?"

पलीकडे अंजनाबाईंच्या मागे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"काऊन वं? आता काय कराचं त्याचं?"

"मैथिलीला हवंय. आणि मलाही. सांग ना."

"कौतिका," अंजनाबाई हळूच म्हणाल्या. "माह्या बानं ठेवलं होतं. बा गेला, मंग कोणी नाही म्हटलं."

शोभनानं डोळे मिटले. धुक्यातून कुणी पुरुष आला नाही. आली ती परकरातली एक पोर, उघड्या चेहऱ्याची, केस वाऱ्यावर सोडलेली, आणि तिला आपण जन्मभर आई म्हणत होतो याचं शोभनाला नवल वाटलं.

"कौतिका!" तिनं हाक मारली.

"ओ!" पलीकडून उत्तर आलं, इतकं झटकन की म्हातारीला स्वतःलाच हसू फुटलं. मग ते हसू थांबलं. नाक ओढल्याचा आवाज आला.

"शोभे," अंजनाबाई म्हणाल्या, "आणखी एकडाव म्हण वं."