मिसळणाच्या डब्यातली अमेरिका

"हे टिकणार नाही बघा," असं म्हणत काका माझा मिसळणाचा डबा पुढे ओढायचे. हळदीची वाटी इकडे, मोहरीची तिकडे. मग माझ्या मुलाकडे बघायचे. मुलगा जिऱ्याची वाटी सरकवून म्हणायचा, "काका, आधी हे फुटणार."

वाट्या म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांचे गट. तिथली पोरं डोक्याला टोप घालून अंगावर धावून जातात, त्याला ते फुटबॉल म्हणतात. कॉलेजं आपापल्या गटात खेळतात. आता टीव्हीवर जास्त दिसावं म्हणून ती जुना गट सोडून दुसऱ्यात जातात. पुढे कोण कुठे जाणार, हा या दोघांचा दर शनिवारचा विषय. माझा मुलगा त्यातल्याच एका कॉलेजात शिकला. काका थोरल्या लेकीकडे अमेरिकेत दोन हिवाळे राहिले, तिथे हे वेड लागलं. इथे क्लोनडॉकिनमध्ये, या आयरिश उपनगरात, ते धाकट्या लेकीकडे, आमच्याच रांगेतल्या शेवटच्या घरात राहत.

सरळ सांगते, मला तो माणूस बघवत नसे. मुलगा आठवडाभर माझ्याशी दोन वाक्यं बोलतो. "जेवलीस का?" आणि "गोळी घेतलीस का?" त्यांच्याशी तीन तास. तुमच्याही घरी असा एखादा येत असेल, ज्याच्यापुढे आपलं लेकरू फुलतं. आपण चहा करायचा.

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कॅलिफोर्नियाची कॉलेजं पार दुसऱ्या टोकाच्या गटात गेली, याचा त्यांना मनापासून त्रास व्हायचा. "अहो, एवढी लांबची फेरी लावतात का कोणी? मुक्कामी गाडी करावी लागेल."

"काका, विमानानं जातात ते."

"विमान असलं तरी मुक्काम लागतोच की. पोरं अभ्यास कधी करणार?" मग माझ्याकडे वळून, "ताई, शेजारच्याशी भांडायचं सोडून हे लोक हजार कोस जाऊन भांडणार. तुम्हाला पटतं का?"

मला पटायचं. पण मी म्हणायची, "चहात साखर घालू का?"

ते मला नेहमी विचारायचे, हे मात्र खरं. मुलगा कधी विचारत नसे. एकदा मीच म्हटलं, "टेक्सासवालं कुठे गेलं मग?" मुलगा म्हणाला, "आई, तू राहू दे." काकांनी मात्र मेथ्या पुढे घेऊन मला नीट समजावलं. त्याचा मला जास्तच राग आला.

मी डबा प्रेसमध्ये ठेवायला लागले. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात. काका शेंगदाण्यांवर आले. बशीत सात ढीग करायचे आणि कॉलेज गट सोडून गेलं की तो दाणा खाऊन टाकायचे.

एका शनिवारी बेल वाजली. मुलगा वर आंघोळ करत होता. सून कामावर. मी दार अर्धंच उघडलं आणि म्हटलं, "तो घरी नाही."

त्यांनी दारातल्या आमच्या गाडीकडे पाहिलं. वर न्हाणीघराच्या खिडकीतून वाफ येत होती, तीही पाहिली. म्हणाले, "बरं. बसत नाही मग." आणि रस्त्याला लागले. हातात कागदाची गुंडाळी होती. चाल नेहमीचीच, एका पायावर जरा जास्त भार.

मुलगा खाली आला. "काका नाही आले?"

"नाही," मी म्हटलं. तो संध्याकाळभर माझ्यासमोर फोन बघत बसला. मी थालीपीठ लावलं. खाल्लं त्याने.

बुधवारी जेवताना तो म्हणाला, "काका स्लायगोला गेले, कायमचे. लेकीला तिथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली. शनिवारी निरोप घ्यायला येणार होते, पण म्हणे सामान बांधण्यात जमलंच नाही."

मी वाढत होते, वाढतच राहिले. त्या माणसाने मला वाचवलं होतं. मी काही सांगितलं नव्हतं त्याला वाचवायला.

आता शनिवारी मुलगा फोन घेऊन वर जातो आणि दार लावतो. माझे गुडघे जिना चढत नाहीत. दोघं टेबलापाशी बसायचे तेव्हा निदान शब्द तरी कानावर पडायचे. आता नुसतं हसणं ऐकू येतं.

परवा तो पाणी न्यायला खाली आला. मी विचारलं, "काय म्हणतात रे काका?"

"काही नाही गं. तेच आपलं, फुटबॉल."

"फ्लोरिडातलं ते कॉलेज अजून गट सोडत नाही ना?"

तो बाटली हातात धरून माझ्याकडे वळला. वरून फोनमधून काकांचा आवाज आला, "हॅलो, आहेस ना?"

"आलो, आलो," म्हणत तो दोन-दोन पायऱ्या चढून गेला.